मुंबई–न्यूयॉर्क : रोज नव्याने मोजायचं अंतर

विमान सुटायच्या काही तास आधी त्याची वाट ठरते. ती आखून देणं हे माझं काम. एका विमान कंपनीच्या ऑपरेशन्स कंट्रोल सेंटरमध्ये मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. प्रवाशांना वैमानिक दिसतात, केबिन क्रू दिसतो, चेक-इनच्या काउंटरवरची मुलं-मुली दिसतात. आमची आणि प्रवाशांची गाठ कधी पडत नाही. पण विमान कोणत्या देशांवरून जाईल, कोणत्या उंचीवरून जाईल, किती इंधन घेईल, ठरल्या जागी उतरता आलं नाही तर कुठे जाईल, हे सगळं ज्या फ्लाइट प्लॅनमध्ये असतं तो आमच्या टेबलावर तयार होतो. कॅप्टन तो वाचतो, शंका विचारतो, पटला तर स्वीकारतो. मगच इंधनाचा शेवटचा आकडा टाकी भरणाऱ्यांकडे जातो.

माझ्या वाट्याला बहुतेक लांब पल्ल्याची उड्डाणं आली. त्यांतलं मुंबई–न्यूयॉर्क मला सगळ्यांत जवळचं. अंतर म्हणजे नक्की काय असतं, हे मी या मार्गावर शिकले.

हे अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर भरतं. भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून न्यूयॉर्ककडे बोट फिरवलं तर ते अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक असं आडवं सरकतं. आमच्या प्रशिक्षणात सरांनी नकाशा बाजूला ठेवून पृथ्वीचा गोल पुढे केला आणि हातात दोरा दिला. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणायचा. ताणलेला दोरा थेट उत्तरेकडे चढला. अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान ओलांडून तो मॉस्कोजवळून गेला, मग हेलसिंकीच्या आसपास, तिथून आइसलँडवर, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळपास शिवून लॅब्राडॉरमार्गे खाली न्यूयॉर्कला. आपल्या डोळ्यांना सवय आहे ती मर्केटरच्या नकाशाची. तो १५६९ सालचा, खलाशांना एकच दिशा धरून जाता यावं म्हणून काढलेला. उत्तरेकडचा प्रदेश त्यात इतका ताणला जातो की गोलावरची सर्वांत जवळची वाट कागदावर लांबचा वळसा वाटते.

गोलावरच्या या वाटेला आम्ही ग्रेट सर्कल म्हणतो. याहून कमी अंतरात पोचता येणार नाही, इतकंच ती सांगते. तिला वारा ठाऊक नसतो, इंधनाचं वजन ठाऊक नसतं, खालच्या देशांचे आपसातले संबंधही नसतात. ते सगळं तिच्यावर रचत जाणं हीच आमची नोकरी.

सुरुवात वाऱ्यापासून होते. मोठं जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातं, पण हा वेग हवेतून जाण्याचा. हवा स्वतःच वाहत असेल तर जमिनीवरचा हिशेब बदलतो. खाडीत ओहोटीच्या बाजूने आणि ओहोटीच्या विरुद्ध होडी वल्हवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट स्ट्रीम ताशी दोनशे किलोमीटर सहज गाठतात. हिवाळ्यात याहून पुष्कळ जास्त. म्हणून मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना पंधरा-सोळा तास लागतात आणि येताना चौदाच्या आसपास. तेच विमान, तीच दोन शहरं, आणि फरक दीड-दोन तासांचा.

या वाऱ्यांची पहिली पद्धतशीर मोजणी करणाऱ्यांमध्ये वासाबुरो ओइशी हे जपानी हवामानशास्त्रज्ञ होते. १९२०च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून त्यांनी उंचावरचे जोरदार वारे नोंदवले आणि १९२६ साली तो अहवाल एस्परांतो भाषेत छापला. जगभरच्या लोकांना वाचता यावा हा त्यांचा हेतू होता, पण एस्परांतो वाचणारे थोडेच होते आणि ते काम बराच काळ दुर्लक्षित राहिलं. शिफ्टला बसल्यावर मी सर्वांत आधी वाऱ्याचे तक्ते उघडते. निरनिराळ्या उंचीवरचे वारे आणि तापमान दर काही तासांनी नव्याने येतात. ओइशींच्या फुग्यांपासून इथवरचं हे शास्त्र माझ्या रोजच्या भाकरीचा भाग आहे, आणि त्याबद्दल मला कृतज्ञता वाटते.

वारा काय करू शकतो याचं माझं आवडतं उदाहरण मात्र दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं आहे. एअर इंडियाने हे उड्डाण डिसेंबर २०१५मध्ये सुरू केलं तेव्हा विमान अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून जात असे. ऑक्टोबर २०१६मध्ये त्यांनी ते उलट दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, आधीच्या वाटेपेक्षा चौदाशेच्या आसपास किलोमीटर जास्त. तरी विमान साधारण साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा बरंच लवकर पोचलं. संपूर्ण वाटभर वारा पाठीशी होता. लांबची वाट जवळची ठरते हे तोवर मी गणितात सोडवलं होतं; पण एका मोठ्या विमानाने शेकडो प्रवाशांना घेऊन ते करून दाखवलं, तेव्हा आमच्या खोलीतल्या सगळ्यांनी कामं बाजूला ठेवून तो मार्ग पडद्यावर पाहिला होता.

तासांचा हिशेब झाला की टनांचा सुरू होतो. बोइंग ७७७-३००ईआर या विमानाच्या टाक्यांत एक लाख ऐंशी हजार लिटरहून अधिक, म्हणजे जवळपास १४५ टन इंधन मावतं. उड्डाणाच्या वेळी विमानाचं एकूण वजन ३५१ टनांच्या थोडंसंच वर जाऊ शकतं. लांबच्या प्रवासात ते तासाला साधारण साडेसात-आठ टन जाळतं. समोरच्या वाऱ्याने प्रवास दीड तासाने वाढला तर बारा टन इंधन जास्त लागतं. बारा टन म्हणजे सामानासकट शंभराहून जास्त माणसांचं वजन. शिवाय इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जळतं. पंधरा तासांच्या उड्डाणात गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या प्रत्येक टनातला एक तृतीयांशाहून मोठा भाग त्या टनाचं ओझं उचलण्यातच संपतो. म्हणून ‘असू दे थोडं जास्त’ असं म्हणून भागत नाही. प्रत्येक टनाला कारण द्यावं लागतं.

ही कारणं ठरलेल्या क्रमाने लिहिली जातात. धावपट्टीपर्यंत जाण्याचं इंधन, प्रत्यक्ष प्रवासाचं, अंदाज चुकला तर लागणारं, ठरल्या विमानतळावर उतरता आलं नाही तर दुसऱ्यावर जाण्याचं, आणि शेवटी अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं राखीव. हे शेवटचं अर्ध्या तासाचं इंधन हात न लावता जमिनीवर परत यायला हवं. त्याला हात लागेल अशी वेळ आली तर वैमानिकाला आणीबाणी जाहीर करावी लागते. सगळ्या हिशेबात माझा जीव या अर्ध्या तासात असतो. बाकीचे आकडे कामाचे, हा जपायचा.

जानेवारीतली एक रात्र मला चांगली आठवते. न्यूयॉर्कला बर्फाच्या वादळाचा इशारा होता. बॉस्टन, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन हे जवळचे पर्यायी विमानतळ त्याच पट्ट्यात सापडत होते. वादळाबाहेरचा पर्याय टोरांटो. म्हणजे तिथवर जाण्याचं इंधन वाढलं. वाटेतला समोरचा वाराही नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त, वेळ सोळा तासांच्या पुढे. प्लॅन काढला तर वजन मर्यादेबाहेर गेलं. दक्षिणेकडची वाट करून पाहिली, उंची बदलून पाहिली, थोडं कमी झालं, पण पुरेसं नाही. युरोपात इंधनासाठी थांबावं तर वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा ओलांडली जाणार. कॅप्टनचा फोन आला.

“मॅडम, कार्गो काय काय आहे?”

“औषधं आणि तयार कपडे, सर. औषधं ठेवते, कपडे उतरवायला सांगते.”

“चालेल. आणि वीस मिनिटांचं जास्त घेऊ. बर्फ पडत असला की तिथे धावपट्टी साफ करतात, तेवढा वेळ वरती थांबवतात.”

मी त्या वीस मिनिटांचा हिशेब केला आणि आणखी काही खोकी उतरवली. प्रवासी सगळे गेले. त्या विमानात मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेली माझ्या मैत्रिणीची आईही होती. काकूंचा हा पहिलाच विमानप्रवास. पोचल्यावर त्यांनी मैत्रिणीला सांगितलं की उतरण्याआधी बराच वेळ विमान गोल गोल फिरत होतं आणि त्यांना काळजी वाटली. मैत्रिणीने मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, “ते फिरणं आम्ही मुंबईतच मोजून दिलं होतं, काकूंना सांग.” खोक्यांतले कपडे पुढच्या विमानाने गेले. कपड्यांना एक दिवस थांबता येतं. हे मनाशी पक्कं असलं की असे निर्णय घेताना हात थरथरत नाही.

उन्हाळ्यात हेच चित्र बदलतं. जेट स्ट्रीम क्षीण होतो, उत्तरेकडे सरकतो, समोरचा वारा उतरतो, आणि विमानाच्या पोटात मालासाठी जागा निघते. हापूसचा हंगाम नेमका तेव्हाच येतो. २००७पासून हा आंबा अमेरिकेला जातो. जाण्याआधी लासलगाव किंवा वाशीच्या केंद्रात त्यावर विकिरणाची प्रक्रिया करावी लागते. रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराला जेट स्ट्रीमशी काही देणंघेणं नसतं, पण त्याच्या पेट्यांना विमानात जागा मिळते त्यात मे महिन्यातल्या मंदावलेल्या वाऱ्याचाही वाटा असतो.

इंधनानंतर येतो समुद्र. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ वाटेत सतत हवा, असा नियम आहे. अनेक विमानांना ही मुभा १८० मिनिटांची असते. म्हणून उत्तर अटलांटिक ओलांडताना प्लॅनमध्ये आयर्लंडचं शॅनन, आइसलँडचं केफ्लाविक, कॅनडाचं गॅंडर किंवा गूज बे अशी नावं येतात. तिथलं हवामान, धावपट्टी, रात्रीच्या वेळी विमानतळ चालू आहे की नाही, हे मी प्रत्येक वेळी तपासते. या गावांपैकी एकही मी पाहिलेलं नाही. तरी गूज बेला धुकं आहे का, याची चौकशी मी माझ्या गावच्या पावसापेक्षा जास्त वेळा केली असेल.

आम्हा डिस्पॅचरांना अधूनमधून कॉकपिटमधल्या जादा आसनावर बसून प्रवास करावा लागतो. आपण कागदावर लिहितो ते वरती कसं घडतं, हे कळावं म्हणून. अशाच एका उड्डाणात मी अटलांटिक ओलांडला. या महासागराच्या मधल्या भागात जमिनीवरच्या रडारची नजर पोचत नाही. तिथे विमानांच्या समांतर वाटा रोज नव्याने आखल्या जातात, युरोपकडून येणाऱ्या आणि अमेरिकेकडून येणाऱ्या वेगळ्या, वाऱ्याचा अंदाज पाहून. शॅनविक आणि गॅंडर ही नियंत्रण केंद्रं त्या जाहीर करतात. ठरावीक रेखांशावर पोचलो की वैमानिक वेळ आणि उरलेलं इंधन माझ्या प्लॅनमधल्या आकड्याशी ताडून पाहत होता. तीस अंश पश्चिमेला प्लॅनपेक्षा थोडं जास्त इंधन शिल्लक होतं. त्याने पेन्सिलने आकडा लिहिला आणि मान डोलावली. रोज खोलीत बसून मी जे आकडे पाठवते, त्यांच्यावर इतक्या बारकाईने कुणी तरी बोट ठेवून जातं, हे डोळ्यांनी पाहिल्यावर माझं काम मला वेगळं दिसू लागलं. तेव्हापासून मी एकही ओळ सवयीने लिहीत नाही.

मुंबई आणि न्यूयॉर्क एकमेकांच्या किती जवळ आली आहेत, हे मागे वळून पाहिलं की कळतं. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. १४ मे १९६० रोजी कंपनीची न्यूयॉर्क सेवा सुरू झाली, बोइंग ७०७ने, लंडनमार्गे. ऑगस्ट २००७मध्ये एअर इंडियाचं मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा उड्डाण सुरू झालं. आणि जानेवारी २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली, कॅप्टन आकांक्षा सोनावरे यांच्यासह सर्व महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवावरून विमान आणलं. सरळ अंतर जवळपास १४,००० किलोमीटर. ध्रुवाकडच्या वाटेवर इंधनाचं तापमानसुद्धा पाहावं लागतं; अमेरिकेत मिळणारं जेट-ए इंधन उणे ४० अंशांच्या आसपास गोठू लागतं. त्या रात्री आमच्या खोलीतल्या मुलींचा आनंद मी विसरणार नाही. सत्तरहून अधिक वर्षांत अभियंते, वैमानिक, हवामानशास्त्रज्ञ यांनी पृथ्वी अशी तासातासाने लहान केली.

हे सारं काम एका सूचनेने उलटंही फिरतं. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून अमेरिकेला आणि युरोपला जाणारी विमानं नेहमी वायव्येला वळतात. त्यांना आता आधी दक्षिणेला गुजरातकडे उतरून अरबी समुद्रावरून पश्चिमेला जावं लागू लागलं. प्रत्येक विमानाची वाट नव्याने काढायची, प्रत्येक ठिकाणी वैमानिकांच्या तासांचं गणित जमवायचं, मध्ये थांबायचं तर कुठे हे ठरवायचं. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनचं आकाश बंद झालं. पाठोपाठ युरोपातल्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. फिनएअरची विमानं पुन्हा ध्रुवावरून जाऊ लागली, जशी ती १९८३ साली सोव्हिएत संघाचं आकाश टाळण्यासाठी जात असत. चाळीस वर्षांत विमानं कितीतरी सुधारली आणि वाट पुन्हा तीच. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं, आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही उड्डाणं इंधनासाठी युरोपात थांबू लागली. १३ जून २०२५ रोजी इराणचं आकाश बंद झालं तेव्हा वाटेवर असलेली कित्येक विमानं मागे फिरली.

अशा वेळी आमच्या खोलीत आरडाओरडा नसतो. प्रत्येकाच्या पडद्यावर आपापली विमानं असतात आणि प्रत्येक जण एकाच प्रश्नात असतो : यातलं कोणतं विमान कुठवर पोचू शकतं? राजकारणाबद्दल तिथे कुणी बोलत नाही, वेळही नसतो. पण घरी परतताना मनात येतं, की त्या विमानांत बसलेल्या माणसांचं कुणाशीच भांडण नव्हतं. कुणी परीक्षेला निघालेलं, कुणी कुणाच्या अंत्यविधीला, कुणी आयुष्यात पहिल्यांदा नातवाचं तोंड बघायला. वाढलेले तीन-चार तास सगळ्यांत आधी त्यांच्या खात्यावर पडतात. मग कष्टणाऱ्या क्रूच्या, आणि शेवटी जास्तीच्या जळलेल्या इंधनाच्या रूपाने आपल्या सगळ्यांच्या हवेत.

डिसेंबर १९४४मध्ये शिकागोला झालेल्या कराराचं पहिलंच कलम सांगतं, की प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण अधिकार आहे. तो अधिकार मला मान्य आहे. युद्धाच्या आकाशात प्रवासी विमान कधीही जाऊ नये, आणि धोका असेल तर मी स्वतः आधी वाट बदलेन. पण त्याच करारामुळे देशांनी एकमेकांना वाट देण्याची पद्धतही रुजली. आपण मुंबईहून न्यूयॉर्कला एका झोपेत आणि दोन जेवणांत पोचतो, कारण मधल्या अनेक देशांचे नियंत्रक आपलं विमान हातोहात पुढे देत जातात. त्यांच्या भाषा वेगळ्या, सरकारं वेगळी, काही वेळा ती सरकारं एकमेकांशी बोलतही नाहीत. नियंत्रक मात्र बोलतात, उंची सांगतात, पुढच्या केंद्राची फ्रिक्वेन्सी देतात आणि निरोप घेतात.

१६ जुलै २०१९च्या मध्यरात्रीनंतर पाकिस्तानचं आकाश पुन्हा खुलं झाल्याची सूचना आली. मी दिल्लीच्या एका उड्डाणाचा प्लॅन नव्याने काढला. वेळ झपाट्याने खाली आला, इंधन कमी झालं, आदल्या दिवशी नाकारलेल्या मालाला जागा झाली. पृथ्वी तेवढीच होती, विमान तेच होतं, वाराही फारसा बदलला नव्हता. एका देशाने वाट दिली होती. वाऱ्याशी आम्ही जुळवून घेतो, समुद्राशी घेतो, बर्फाशी घेतो. ते आमचं कामच आहे. माणसांनी वाढवलेलं अंतर मात्र कोणत्याही इंजिनाला कमी करता येत नाही. ते कमी करणं माणसांच्याच हाती आहे, आणि ते शक्य आहे हे मी माझ्या पडद्यावर, किलोमीटरांत आणि टनांत, पाहिलेलं आहे.